चूलबंद आवतन थेट हैदराबादला

आपलं नाव जगभरच्या कॉम्प्युटरांत जाणार, असं देवानंद उंद्रीत भेटेल त्याला सांगत सुटला होता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं बरं का! कॅलेंडरच्या अन् फोन नंबरांच्या फायली वाचून देणारी प्रोग्रामची एक लायब्ररी त्यानं पॅकेज केली होती, म्हणजे कुणीही एका कमांडीत आपल्या मशीनवर बसवावी अशी बांधून दिली होती. अशी पॅकेजं तपासणाऱ्या हैदराबादच्या व्यंकटनं होकार दिला की झालं.

चाचणीसाठी नमुन्याच्या फायली जोडाव्या लागतात. आता खोटी नावं रचत कोण बसतो? देवानंदनं बहिणीच्या, मंजुश्रीच्या लग्नाची कॅलेंडर फाइल अन् वडिलांचा, जानरावांचा नंबर घातला पॅकेजात. पाहुण्यांना धाडलेलीच फाइल ती. तिच्यात तारीख, गाव अन् 'चूलबंद आवतन', सगळं होतं.

व्यंकटनं चाचणी घेतली, तर लायब्ररीनं ती फाइल इतकी चोख वाचली की लग्न व्यंकटच्या कॅलेंडरात जाऊन बसलं! बिचाऱ्याला वाटलं, पोरानं प्रेमानं बोलावलंय. त्यानं जानरावांना फोन लावून हिंदीत विचारलं, चूलबंद म्हणजे काय. पोराचा साहेब समजून जानरावांनी सविस्तर सांगितलं, की त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी इकडं जेवायला यायचं.

देवानंदला कळलं तसा तो वडिलांकडं धावला. आता व्यंकट चिडून पॅकेज नाकारणार! फाइल नमुन्याची होती, त्यांना नाही म्हणून कळवा, असं तो वडिलांना विनवू लागला.

"आवतन गेलं म्हणजे गेलं," जानराव म्हणाले. "वापस घेतलं तं गावात तोंड दाखवाले जागा राहीन काय बे?"

लग्नाच्या दिवशी मांडवापुढं टेम्पो थांबला. व्यंकट उतरला, मागून बायको, पोरं, सासू, दोन मेहुणे. गड्यानं चूलबंद मनावर घेतलं होतं! पंगतीत देवानंदनं भीतभीत पॅकेजचं विचारलं, तर जेवत्या माणसाला कामाचं विचारतो म्हणून जानरावांनी त्याला तिथंच झापलं. व्यंकटनं मात्र आणखी वांग्याची भाजी मागून घेतली, डाव्या हातानं मोबाइल काढला अन् होकाराचं बटण दाबलं.

देवानंद ताडकन उठला. तो मांडवभर ओरडून सांगणार, तोच जानरावांनी आचाऱ्याला मिठी मारली.

"उत्तमराव, तुमच्या वांग्यानं माह्या पोराले पास केलं."

उंद्रीत आजही कुणी देवानंदच्या पॅकेजचं कौतुक केलं, की लोक उत्तमरावांचा नंबर देतात.