अप्पारावांच्या कोंबड्या सुटतात

रविवारी उत्तरा वडिलांच्या कोंबड्यांच्या शेडवर पोचली तेव्हा अप्पाराव ट्रेमध्ये अंडी लावत होते. मागच्या रविवारी भांडण जिथं थांबलं होतं, तिथूनच ते पुन्हा सुरू झालं.

“अण्णा, एका पिंजऱ्यात चौघीजणी. पंखसुद्धा पसरता येत नाहीत त्यांना.”

“पंख पसरून कुठं जायचंय त्यायला? परभणीला?” अप्पाराव म्हणाले. “आत दाणा हाय, पाणी हाय. मुंगूस न्हाई, कुत्रं न्हाई. तुझ्या त्या मोकळ्या कोंबड्या एकमेकीला टोचून टोचून मारत्यात. आता सांग, दया कशात हाय?”

“तुम्हाला कुणी खोलीत कोंडून दोन वेळ जेवायला घातलं तर?”

“त्याला पेन्शन म्हणत्यात.”

उत्तरा परभणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पिंजऱ्यांविषयी तिनं पुष्कळ वाचलं होतं आणि वाचलेलं सगळं ती दर रविवारी सोनपेठच्या बसनं घेऊन यायची. अप्पाराव काही वाचायचे नाहीत, पण हटायचेही नाहीत. संध्याकाळी त्यांनी तिच्या पिशवीत कागदात गुंडाळलेली अंडी ठेवली. तिनं ती घेतली. तत्त्वाचा प्रश्न अंड्यांपर्यंत न्यायचा नाही, एवढं दोघांनाही मान्य होतं.

सोमवारी सकाळी कोंबड्यांना दाणा टाकून अप्पाराव शेडच्या दारात टेकले, ते उठलेच नाहीत.

राख सावडून झाली त्या दुपारी उत्तरा शेडमध्ये गेली आणि तिनं एकेक करत सगळ्या पिंजऱ्यांची दारं उघडली. एकही कोंबडी बाहेर आली नाही. मोकळेपणाविषयी कोंबड्यांनी काहीच वाचलेलं नव्हतं. मग उत्तरानं पदर खोचला आणि एकेक कोंबडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. एवढं मोठं अंगण मिळालं, तरी त्या चौघी-चौघी अंग चोरून, एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या.

“बघ,” अप्पारावांचे धाकटे भाऊ रंगनाथकाका म्हणाले. “दादानं शिस्त लावलीय. उगं बिघडवू नको.”

तेवढ्यात एक कोंबडी खाली बसली, एका अंगावर कलंडली, पाय झाडायला लागली आणि माती अंगावर उडवून घेऊ लागली.

“मिरगी आली तिला! कांदा आणा!” काका ओरडले. कुणीतरी कांदा फोडून आणला. काकांनी तो कोंबडीच्या चोचीशी धरला. कोंबडीनं कांद्याला एक टोच मारली आणि दुसऱ्या अंगावर लोळली. तिचं बघून शेजारची कलंडली, मग तिसरी. काकांच्या हातात कांदा एकच होता. ते वाकून वाकून साऱ्याजणींना हुंगवत फिरले.

“काका, त्या अंघोळ करतायत,” उत्तरा म्हणाली. “मातीची. जन्मात पहिल्यांदा.”

काकांनी कांदा मागं लपवला. “मग तसं सांगायचं की आधी!”

तो दिवस उत्तराचा होता. दुसरा अप्पारावांचा निघाला. पहाटे मुंगसानं एक कोंबडी नेली. दुपारी दोघींनी मिळून तिसरीची पाठ टोचून लाल केली. उत्तरानं जखमेला हळद लावली, कडब्याची खोली रिकामी केली, तिच्या भोकांना पत्रे ठोकले आणि आत बसायला आडवे बांबू बांधले. रोज दिवस मावळायला ती कोंबड्या हाकून आत घालायची, बाहेरून कडी लावायची आणि सकाळी सोडायची. “बापासारखीच हट्टी हाय,” काका म्हणाले. ते कौतुक होतं की तक्रार, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही.

खरा घोटाळा अंड्यांनी केला. पिंजऱ्यात अंडं आपोआप घरंगळत पुढच्या पन्हाळीत यायचं. कुठं घालावं, हा विचार कोंबड्यांना कधी करावाच लागला नव्हता. आता त्या जिथं असतील तिथं बसू लागल्या. एक अंडं वैरणीत सापडलं, एक मोटारसायकलच्या सीटवर. एक काकांनी खाटेवर काढून ठेवलेल्या टोपीत होतं. ती टोपी त्यांनी न बघता डोक्यावर घातली.

शेजारच्या मळ्यातल्या पार्वतीबाई माळकरी. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी त्या चूळ भरायच्या. त्यांच्या तुळशीच्या ओट्यावर अंडं निघालं, तेव्हा त्यांनी त्यावर टोपली पालथी घातली आणि काठी घेऊन शेजारी बसल्या.

“उत्तरेऽ! ये गं माय, उचल हे! मला हात लावता येईना आन कावळे सोडीनात. सकाळधरून राखण करायलेय मी!”

दहाव्याचा विधी काकांनी नदीवर न नेता शेतातच ठेवला. दादाचा जीव इथंच रमायचा, असं त्यांचं म्हणणं. सोनपेठहून गुरुजी आले. लिंबाखाली पत्रावळीवर पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. लिंबावर कावळे भरपूर होते. त्यांनी पिंडाकडे पाहिलं, चोची फांदीला पुसल्या आणि डोळे मिटले.

ऊन चढलं. काका पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, “दादा, शेड विकणार न्हाई, शब्द देतो.” कावळे ढिम्म. “बांधाचं भांडण मिटवतो.” हे कबूल करताना काकांना बरेच कष्ट पडले, तरी कावळे ढिम्मच.

“काहीतरी इच्छा अडकलीय,” गुरुजी म्हणाले.

सगळ्यांच्या माना उत्तराकडे वळल्या.

“आता तरी कोंबड्या आत घाल,” काका म्हणाले. “घडीभर घाल. कावळा शिवला की सोड परत. दादाला कुठं कळायलंय?”

“कळत नसेल तर घालायच्या कशाला? आणि कळत असेल तर अण्णांना फसवायचं का?”

“बाई, तुझ्या बापाचा आत्मा तिष्ठत बसलाय आन तू वकिली करायलीस!”

“मी कोंबड्या आत घालणार नाही, काका.”

विधीला आलेल्या पार्वतीबाईंना राहवेना. “आत्मा कशाचा तिष्ठतोय! पोटं बघा की कावळ्यायची. आठ दिवस झाले, फुकटची अंडी हाणायलेत. तुमचा कोरडा भात कोण खातंय आता?”

सगळ्यांनी वर पाहिलं. एका कावळ्याच्या चोचीला बलक वाळून चिकटला होता.

मग काका वैरणीकडे गेले आणि मूठ झाकून परत आले. “गुरुजी, तुमी जरा नदीकडं तोंड करा.”

“हे शास्त्रात बसत नाही,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी नदीकडं तोंड केलं. पार्वतीबाईंनी पदर तोंडावर घेतला.

काकांनी अंडं पत्रावळीवर, पिंडाला टेकवून ठेवलं. लगेच एक कावळा उतरला. त्यानं पिंडाला वळसा घातला, अंडं फोडून कवचासकट उचललं आणि लिंबाखाली आणून टाकलेल्या रिकाम्या पिंजऱ्यावर बसून सावकाश खाल्लं.

“शिवला!” काका म्हणाले.

“पिंडाला?” गुरुजींनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

“पिंडाला न्हाई. अंड्याला.”

“मग अर्धंच झालं.”

“म्हणजे अर्धं मान्य केलंय त्यानं,” काकांनी हिशेब लावला आणि ते उत्तराकडे वळले. “उरलेल्या अर्ध्याचं तू बोल. मनातल्या मनात नको. त्याला ऐकू कमी यायचं.”

उत्तरा पत्रावळीसमोर जाऊन उभी राहिली. मागं कोंबड्या माती उकरत होत्या.

“अण्णा, पिंजरे मी परत लावणार नाही,” ती म्हणाली. “मुंगसाचं तुमचं खरं निघालं. टोचाटोचीचंही. ते मी बघते. पण कोंबड्या बाहेरच राहतील.”

कावळा पिंजऱ्यावरून बघत राहिला.

“अजून मोठ्यानं,” काका हळूच म्हणाले.

“तुम्ही असता ना अण्णा,” उत्तरा ओरडून म्हणाली, “तर त्या आत राहिल्या असत्या तरी चाललं असतं मला!”