सावली बंद करा, मॅडम

हमीदभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. माझ्या कम्प्युटरसमोर बसले आणि पडद्यावरच्या जंगलातलं सगळं गवत काढून टाकलं. मग झाडांची पानं पातळ केली, आभाळातले ढग पुसले, नदीचं पाणी थिजवलं आणि शेवटी प्रत्येक माणसाची सावली काढून घेतली. एवढं हिरवंगार जंगल, पण ते उठले तेव्हा त्याचा पार चकोट झाला होता.

"आता खेळा," ते म्हणाले. "पहिले सावली बंद करायची, मॅडम. बाकी मंग."

मी राजुऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की बंदुकीचा खेळ खेळते. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, दिसेल त्याला गोळी घालायची. आमचे हे नातेवाइकांना सांगतात की मी ऑनलाइन क्लास घेते. आमच्या टीमचा कॅप्टन नितीन दवाखान्यात कंपाउंडर आहे आणि बाकीचे तिघे कोळसा खाणीत ड्यूटीला जातात. सगळे संसारी. आम्हा पाचांचं आयुष्यात एकच ध्येय उरलं होतं, ते म्हणजे आरमोरीच्या टीमला एकदा तरी हरवणं. ते लोक जिंकले की लिहितात, 'आधी तोंडावरचा कोळसा धुऊन या.' माझा कोळशाशी काडीचा संबंध नाही, तरी मला ते फार लागायचं.

हमीदभाऊंचा खरा धंदा कूलरचा. बाजारात त्यांचं दुकान आहे. पत्रा कापणं, मोटार बसवणं, जाळीतली वाळ्याची खस बदलणं हे सगळं ते स्वतः करतात. आमच्याकडचा उन्हाळा माहीत असेल त्याला कूलरवाल्याची किंमत सांगायला नको. कम्प्युटरचा नाद त्यांना कधी लागला कोणालाच ठाऊक नाही. पण खेळ अडखळतोय असं कोणी म्हणालं की ते दुकान भाच्यावर सोडून निघतात. पैसे घेत नाहीत, फक्त बोलतात. पैसे परवडले असते.

पडद्यावरचं चित्र म्हणजे भराभर बदलणारे फोटो. त्या एकेका फोटोला फ्रेम म्हणतात, आणि सेकंदाला जितक्या फ्रेम जास्त तितका समोरचा माणूस लवकर दिसतो. हे मला हमीदभाऊंनी कूलरच्या भाषेत समजावलं. "पंखा एकच आहे न जी. त्यानं गवत हलवायचं का दुश्मन दाखवायचा? तुमचा कम्प्युटर फालतूचे कामं करून राह्यला. आपल्याले दिसणं पाह्यजे, देखणं नाई पाह्यजे."

'दिसणं पाह्यजे, देखणं नाई पाह्यजे' हे वाक्य ते कुठेही वापरतात. नितीनच्या लग्नात स्टेजवर झगमगाट होता, कारंजं होतं, धूर सोडणारं यंत्रही होतं. हमीदभाऊंनी आहेर दिला, चारी बाजूंनी नजर टाकली आणि नवरदेवाच्या कानाशी लागून म्हणाले, "एवढ्या लायटिंगमंधी फ्रेम पडते न बाप्पा." आमचे हे एकदा टीव्ही बघत, फोनवर बोलत जेवत होते. त्यांना म्हणाले, "साहेब, तुमच्या मागं लय प्रोग्राम चालून राह्यले. बंद करा, नाईतर घास अटकन." तेव्हापासून आमच्याकडे जेवताना टीव्ही बंद असतो, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

याच नितीनने खूप महागाचा मॉनिटर घेतला होता. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवतो म्हणून टीमभर मिरवायचा. हमीदभाऊंनी जाऊन पाहिलं तर सेटिंग साठावरच. वर्षभर हा माणूस साध्या मॉनिटरवर खेळल्यासारखाच खेळत होता आणि आम्हाला मात्र 'किती फरक पडतो' म्हणून सांगत होता. हमीदभाऊंनी बटण दाबलं, ही गोष्ट बाजारभर सांगितली आणि पुढे महिनाभर नितीन दुसऱ्या रस्त्याने दवाखान्यात जायचा.

माझा माऊस त्यांनी इतका मंद केला की मागे वळून पाहायचं तर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न्यावा लागे. "मनगटानं नाई मारायचं, खांद्यानं मारायचं," हा हुकूम. अभ्यासाचं टेबल पुरेना म्हणून मी जेवणाच्या टेबलावर आले. तिथे आरमोरीच्या एकाला मारताना लिंबाच्या लोणच्याची बरणी गेली. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण नेम सुधारला, हे खरं आहे.

इतकं सगळं सांगणाऱ्या माणसाला खेळताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं. घरी कम्प्युटर आहे हे माहीत होतं. नितीन म्हणायचा, "भाऊ, एक डाव होऊन जाऊ द्या," तर ते हात झटकायचे. "आपण मेकॅनिक. मेकॅनिक रेस नाई लावत." ते दुकानामागच्याच खोलीत राहतात, पण तिथे आमच्यापैकी कोणाला प्रवेश नव्हता. त्यांच्या बायकोची, जुबेदाभाभीची, तब्येत बरी नसते एवढंच ऐकून होतो.

मे महिन्यात आरमोरीशी सामना ठरला. रविवार, संध्याकाळी साडेपाच. आणि नेमका त्याच आठवड्यात माझा कम्प्युटर तापायला लागला. तापला की तो आपोआप हळू होतो, मग बाकी काहीही बंद करून उपयोग नसतो. हमीदभाऊ आले, डब्याच्या बाजूचा पत्रा उघडला आणि त्यांच्या डोक्यात जे आलं ते फक्त राजुऱ्याच्या कूलरवाल्याच्याच डोक्यात येऊ शकतं. ते दुकानातून छोटा कूलर घेऊन आले, त्यात नवी खस घातली, टाकी काठोकाठ भरली आणि सगळा वारा सरळ त्या उघड्या डब्यात सोडला.

दोन दिवस स्वर्ग होता. खोलीत खसचा वास आणि पडद्यावर फ्रेमच फ्रेम. हमीदभाऊ दिवसातून तीनदा येऊन आकडा बघून जायचे आणि "पाहा!" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी कम्प्युटर सुरूच झाला नाही. आत पाहिलं तर चित्र काढणाऱ्या कार्डावर पाण्याचे थेंब, आणि टोकांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. कूलरच्या खोलीत पापड ठेवू नये हे आमच्याकडे लहान लेकराला कळतं. काडेपेटीसुद्धा त्या खोलीत सादळते. ज्याने जन्मभर कूलर विकले त्याला हे सुचू नये! मी तोंडाला येईल ते बोलले. सगळी बोलणी त्यांनी खाली मान घालून ऐकली.

"रविवारी काय करू आता? चौघांनी खेळू?" मी विचारलं.

हमीदभाऊंनी रुमालाने कार्डावरचे थेंब टिपले. मग म्हणाले, "माह्यावर खेळा. घरी या." हे त्यांनी इतक्या जड तोंडाने म्हटलं की जणू मी त्यांची किडनी मागितली होती.

रविवारी मी माझा माऊस घेऊन गेले. मागची खोली स्वच्छ, भिंती कोऱ्या, खिडकीला पडदा नाही. खिडकीबाहेर शेजारच्या गोदामाची भिंत. खाटेवर उशांना टेकून जुबेदाभाभी बसल्या होत्या आणि खाटेच्या पायथ्याशी, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर, कम्प्युटर होता. पडद्यावर आमचाच खेळ सुरू होता, आमचंच जंगल. पण मी ते असं कधी पाहिलं नव्हतं. कमरेएवढं गवत वाऱ्यावर डोलत होतं. पानापानांतून ऊन खाली सांडत होतं. नदीचं पाणी चमकत होतं. प्रत्येक झाडाला लांबच लांब सावली होती. जे जे बटण त्यांनी आमच्याकडे बंद केलं होतं ते इथे शेवटच्या टोकाला नेलेलं होतं. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा मी दोनदा वाचला. इतक्या कमी फ्रेमवर मुंगीसुद्धा मारता आली नसती.

शिवाय हातात बंदूक नव्हती. बंदूक पडद्यावर दिसू नये असं एक बटण असतं, ते आम्ही कधी वापरत नाही. हमीदभाऊंनी ते वापरलं होतं.

"ही तिची फिराची वेळ हाय," ते हळूच म्हणाले. "दिवस कलला, अस्सरची नमाज झाली, का आम्ही फिरतो. ह्या जंगलाच्या रिकाम्या नकाशात. कोणी येत नाई तिथी."

भाभी माहेरच्या पोंभुर्ण्याकडच्या. त्यांचे वडील मोहाफुलं विकत घ्यायचे आणि लहानपणी भाभी शेजारच्या गोंड बायांबरोबर पहाटे मोहा वेचायला जंगलात जायच्या. कमरेतून अधू झाल्याला काही वर्षं झाली होती. खोलीतून बाहेर पडणं म्हणजे दवाखान्यात जाणं, एवढंच उरलं होतं. मला गलबलून आलं. पण साडेपाच वाजत आले होते, कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये नितीन ओरडत होता, आणि समोर आरमोरी होती. मी सेटिंग उघडलं आणि सवयीप्रमाणे पहिल्यांदा सावलीवर हात ठेवला.

"सावली नको काढू बेटा," भाभी म्हणाल्या. "मंग वेळ कसा समजन?"

मी हमीदभाऊंकडे पाहिलं. गवताच्या एका काडीवरून आम्हाला झापणारा हा माणूस हात जोडायच्या बेतात उभा होता. मी सेटिंग बंद केलं. बंदूक तेवढी परत आणावी लागली.

सामना सुरू झाला. पहिली गोळी सुटली तशा भाभी दचकल्या.

"हे ठो ठो कोण करून राह्यलं?"

हमीदभाऊंनी क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडम."

मॅडम फार काळ ठो ठो करू शकल्या नाहीत. आरमोरीचा एक जण गवतात दडला होता. माझ्या कोणत्याही साथीदाराला तो लख्ख दिसला असता, कारण त्यांच्याकडे गवतच नव्हतं. माझ्याकडे होतं. मी मेले.

"मरून गेली का तू?" भाभींनी विचारलं.

"हो भाभी."

"आता तुले कोणी काही करत नाई ना?"

"नाही. मेलेल्याला फेरी संपेपर्यंत मोकळं हिंडता येतं. बोलता येत नाही फक्त."

"मंग काऊन बसली? चाल, फिरू."

आणि आम्ही फिरलो. नितीन खाली जीव तोडून लढत होता आणि आम्ही दोघी त्याच्या डोक्यावरून नदीकडे गेलो. "तिकडं वळ. त्या मोठ्या झाडापाशी थांब. ऊन पाह्य, कसं उतरलं." पुढच्या फेरीत मी मन लावून खेळले, पुन्हा मेले, पुन्हा फिरलो. खरं सांगते, शेवटच्या दोन फेऱ्यांत मी मन लावलं नाही. आरमोरी जिंकली. तोंडावरचा कोळसा धुऊन येण्याबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलं. नितीनने फोन करून विचारलं की मी झोपले होते का, आणि म्हणाला, हमीदभाऊंच्या घरी असूनही अशी खेळलीस म्हणजे कमाल आहे.

भाभी मात्र बंदुकीवर विचार करत होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी मले सांगतलं नाई, तिथी बंदुकी राह्यतात म्हणून." हमीदभाऊ माझ्या माऊसची वायर गुंडाळू लागले. "आमी जंगलात जाऊ तं टोपली नेऊ. वाघ होता तरी टोपलीच नेऊ."

माझा कम्प्युटर जूनमध्ये सुरू झाला. हमीदभाऊंनी नवं कार्ड बसवलं आणि कूलरचं नाव कोणी काढलं नाही. दुकानावर त्यांचं जुनं चालूच आहे, परवाच एकाला सांगत होते, "पहिले सावली बंद कर बे." मला पाहून जरा थांबले, मग बाजूला येऊन म्हणाले, "मॅडम, कधी येत जा न संध्याकाळी. भाभी विचारते, ते मेलेली बाई कुठी गेली म्हणून."

आता मी शनिवारी जाते. रिकामा नकाशा, बंदूक लपवलेली. भाभी रस्ता सांगतात, मी चालवते, हमीदभाऊ चहा आणतात आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहतात. गेल्या शनिवारी नदीकाठच्या दाट गवतात शिरलो तसं चित्र अडखळायला लागलं. कोपऱ्यातला आकडा घसरत घसरत पार खाली आला.

"हमीदभाऊ, फ्रेम पडतायत," मी म्हटलं.

"पडू द्या, मॅडम," ते म्हणाले. "तिले कुठी घाई हाय."