लाख वाती आणि खिडकीचं रबर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दात घासायचा ब्रश जुना झाला की तो कचऱ्यात जात नाही, देवस्थळीकाकांकडे जातो. काका स्वतः दारोदार फिरून मागतात. पहिल्यांदा बेल वाजवून त्यांनी माझा ब्रश मागितला, तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेला. मी मुकाट्याने आणून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, केसांवरून अंगठा फिरवला आणि परत केला. म्हणाले, "अजून कडक आहे. महिनाभर तू वापर, मग दे." म्हणजे ब्रश माझा आणि मुदत यांची!

हे ब्रश लागतात काकांच्या मोटरहोमला. पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झाल्यावर काकांनी शाळेची एक जुनी बस घेतली. आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन, पडदे, देवासाठी फळी, सगळं बसवून घेतलं. काकूंना घेऊन गावोगाव हिंडायचं, अगदी कन्याकुमारीपर्यंत, असा बेत होता. आमचा वॉचमन त्या गाडीला 'देवस्थळीसाहेबांचा बंगला' म्हणतो. बरोबरच आहे त्याचं. बंगला कधी जागचा हलतो का? तीन वर्षांत ती गाडी एकदाच हलली, कंपाउंडमध्ये गटाराचं काम निघालं तेव्हा. बारा फूट मागे गेली आणि काम झाल्यावर बारा फूट पुढे आली.

न हलण्याचं कारण बुरशी. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तिथे उघड्यावरच्या गाडीची काय कथा? खिडकीच्या काचेभोवती जे राखाडी रबर असतं, त्याच्या खाचेत पाणी मुरतं आणि काळे ठिपके धरतात. अशा खिडक्या आठ. काका एका टोकापासून साफ करत निघतात. आठवी होईपर्यंत पहिली परत काळी झालेली असते. मग पुन्हा पहिलीपासून. "वरवर नको, मुळाशी जा," हे त्यांचं पालुपद. रबराबद्दल ठीक आहे हो, पण लिफ्ट बंद पडली तरी मुळाशी जा, माझ्या मुलाला गणितात मार्क कमी पडले तरी मुळाशी जा. एकदा मला नुसती सर्दी झाली होती, तर घसा बघू म्हणून टॉर्च घेऊन आले.

काकूंना दमा आहे. बुरशीचा वास नाकात गेला की त्यांची छाती भरते. म्हणून गाडीत एकही ठिपका असेपर्यंत काकूंनी पाय ठेवायचा नाही, असा काकांचा नियम. यावर हसायची माझी हिंमत नव्हती. पण ज्या थाटात ते काम चालायचं, त्याला हसू यायचंच.

आधी भिंगातून पाहणी. मग व्हिनेगर लावून ब्रशने घासणं, मग धुऊन कोरडं करणं. एवढ्याने न निघालेल्या हट्टी डागांसाठी दुसऱ्या दिवशी ब्लीच. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू होतो, हे काकांनी गाडीजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय, दूधवाल्यालाही. पण ब्लीच खाचेत टिकत नाही, ओघळून जातं. त्यावर काकांनी युक्ती काढली. काकूंच्या देवाच्या वाती! कापसाची लांब वात ब्लीचमध्ये भिजवून खाचेत बसवायची, दोन तासांनी काढायची, स्वच्छ धुवायचं आणि वर टाल्कम पावडरचा हात. डाग साफ! झकास युक्ती होती, फक्त चोरीची होती.

काकूंनी चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला होता. दुपारभर पलंगावर बसून वळायच्या आणि शंभराची एकेक जुडी डब्यात ठेवायच्या. काका तो डबा हळूच उघडून खिसे भरून खाली यायचे. मी पाहिलं तर म्हणाले, "हिला बोलू नकोस. देवाला काय, एक वात पुरते." गणपती गेले, नवरात्र गेलं, काकूंचा लाख काही पुरा होईना. मला त्या माउलीची दया यायची.

इथे मला माझ्या पदाबद्दल सांगायला हवं. मी सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला कुणी दिलं नाही, बाकी सगळ्यांनी हात झटकले म्हणून माझ्या गळ्यात पडलं. दसऱ्याला दुसऱ्या मजल्यावर नवीन गाडी आली आणि तिला जागा हवी झाली. मीटिंगमध्ये ठरलं की जे हलत नाही ते वाहन नव्हे, भंगार. येत्या रविवारी बारापर्यंत बंगला स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाऊन परत आला तर राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल. नोटीस द्यायला अर्थातच मी.

काकांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, तीनच खिडक्या राहिल्यात. मग त्यांनी कंबर कसली. सकाळी चहा गाडीपाशी, जेवणही तिथेच. शनिवारी संध्याकाळपर्यंत सात झाल्या. मी आपली देवाला म्हणत होते, होऊ दे रे बाबा, मला भंगारवाल्याला फोन करायला लावू नकोस.

रविवारी साडेदहाला काकांनी मला खाली बोलावलं. आठ दिवसांची मुदत दे म्हणाले. काकूंच्या बाजूच्या खिडकीत एक डाग अजून जात नाही. मी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. त्यांचंच भिंग घेऊन पाहिलं. रबर नव्यासारखं होतं. काका बोट ठेवून दाखवत होते त्या जागी काहीसुद्धा नव्हतं.

"काका, इथे डाग नाहीये," मी म्हटलं.

काका हातातला ब्रश उगाच झटकत राहिले.

"इथून दवाखाना सात मिनिटांवर आहे, मेधा," ते म्हणाले. "मी चालून पाहिलंय, रिक्षाने पाहिलंय. घाटात हिचा श्वास अडकला तर मी काय करू? रबर पुसत बसू?"

तीन वर्षं आम्ही ज्याला हसत होतो, ती त्या माणसाची भीती होती. मुळाशी जा, मुळाशी जा म्हणणाऱ्याचं मूळ कुणी पाहिलंच नव्हतं. मी तडक वर गेले. म्हटलं काकूंना सांगून टाकू, अगदी वातींच्या चोरीसकट.

काकू चांगली साडी नेसून, दम्याचा पंप पर्समध्ये टाकत होत्या. वातींचं सांगितलं तर हसू लागल्या आणि हसता हसता खोकल्या. डबा उघडून त्यांनी एक वात माझ्या हातावर ठेवली. चांगली हातभर होती.

"कुठला देव एवढी लांब वात मागतो गं?" त्या म्हणाल्या. "माझा लाख श्रावणातच संपला. या त्यांच्या खिडक्यांच्या मापाच्या. पुसत असतात तोवर बरं. नाहीतर माझ्यासमोर बसून माझे श्वास मोजत बसतात."

मग म्हणाल्या, पण गाडी भंगारात गेली तर ते काय पुसतील?

लिफ्ट नेमकी बंद होती, त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत खाली उतरल्या. काकांनी त्यांना पाहिलं आणि भिंग पुढे करून त्या नसलेल्या डागाबद्दल सांगू लागले. काकूंनी ते भिंग त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"अहो, मला डाग नाही बघायचा. मला खिडकीतून बाहेर बघायचंय," त्या म्हणाल्या. "कन्याकुमारी राहू दे. खाडीपर्यंत चला."

खाडी दवाखान्याच्याच रस्त्याला आहे. काकू उगीच नाही बोलल्या. काकांनी तीनदा किल्ली फिरवली, चौथ्यांदा गाडी खोकत सुरू झाली आणि बैलगाडीच्या वेगाने गेटबाहेर पडली. वॉचमनने सलाम ठोकला. तासाभरात, बाराच्या आत, ते परत आले. पंप काढावा लागला नव्हता. परतीच्या वाटेवर काकूंचा डोळा लागला होता, खिडकीला डोकं टेकून. नोटीस मी फाडली आणि दुसऱ्या मजल्याला सांगितलं, जागा दुसरी बघा.

सोमवारी सकाळी काका पहिल्या खिडकीपासून पुन्हा सुरू झालेले. काकूंच्या खिडकीशी मी थांबले. काचेवर खोबरेल तेलाचा मोठा थोरला डाग होता, काकूंनी डोकं टेकलं होतं तिथे. मी सवयीने पदर लावून पुसायला गेले, तर काकांनी माझा हात धरला.

"तो असू दे," म्हणाले, आणि ब्रश घेऊन त्याच्याभोवतीचं रबर घासू लागले.