देवरावचा आकाशपाळणा आणि तिसरी हाक

"उंचीची भीती? मले?" असं म्हणून देवराव मोठ्याने हसला आणि अंगणातल्या बाजेवरून खाली उतरला. उतरताना त्याने आधी एका पायाने जमीन चाचपून पाहिली, हे त्याच्या बायकोच्या, माधवीच्या नजरेतून सुटलं नाही.

येरमटोल्याचा देवराव तसा भित्रा नव्हता हो! वाघाची ताजी पावलं दिसली की तो उकिडवा बसून बोटांनी त्यांचं माप घ्यायचा. घरात नाग निघाला तर काठीवर उचलून नाल्यापार सोडून यायचा. पण जमिनीपासून चार हात वर गेला की हाताला लागेल ते धरून डोळे मिटायचा. छपराची कौलं फेरायला सासरा यायचा आणि चिंचा पाडायला झाडावर माधवी चढायची.

आणि हाच देवराव वनरक्षक रंजीता मॅडमला छाती ठोकून सांगून आला होता, की जंगलातल्या मनोऱ्यावर या उन्हाळ्यात पहाऱ्याला मीच बसणार! मनोरा साठ फूट उंच. वर बसून वणव्यावर नजर ठेवायची आणि खाली मोह वेचणाऱ्या बायांच्या आसपास वाघ दिसला तर शिट्टी फुंकायची. सोमवारी मॅडमसमोर चढून दाखवायचं होतं.

हे धाडस काही उगाच नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात माधवी वाकून मोहाची फुलं वेचत होती आणि तिच्या पाठीमागे वीस पावलांवर, झुडपात, वाघ बसून होता. किती वेळ, कुणास ठाऊक! तो आपणहून उठून गेला म्हणून ती घरी आली. त्या दिवसापासून देवरावला धड झोप नव्हती. तिच्या पाठीवर लक्ष ठेवायला वर दुसऱ्या कुणाचे डोळे असावेत, हे त्याला मुळीच चालणार नव्हतं.

"मनोऱ्यावर चढसान कसे पण?" माधवीने विचारलं.

"शेजारच्या गावी शिवरात्रीची जत्रा हाय ना? तिथं आकाशपाळणा आला. चार फेऱ्या मारतो, भीती मोडून काढतो!"

माधवीने आत जाऊन खुंटीवरचा मुखवटा आणला. मोह वेचायला जाणाऱ्या सगळ्यांना गावात तसे मुखवटे वाटले होते. पांढराफटक प्लास्टिकचा चेहरा, लाल ओठ, काळी मिशी, वटारलेले डोळे. तो डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा. वाघ पाठीमागून येतो. डोळे आपल्याकडे रोखलेले दिसले की बिचकतो.

"पाळण्यात वाघ नाई बसत," देवराव म्हणाला.

"भीती पण मागूनच येते. उभे राहा गुमान." माधवीने लुगड्याच्या लाल काठाची पट्टी काढून मुखवटा त्याच्या डोक्यामागे बांधला आणि तीन गाठी मारल्या. "मी बायांसंग मागून येतो. अन् दिवेलागणीले कोनी हाक मारली तर..."

"तिसऱ्या हाकेले ओ द्याची. मले काऊन शिकवून राह्यली?"

त्या भागातलं लहान मूलही हे जाणतं. जंगलातलं 'ते' ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण दोनदाच. तिसरी हाक त्याला जमत नाही. म्हणून दिवस कलल्यावर शहाण्या माणसाने तिसऱ्या हाकेपर्यंत तोंड उघडू नये!

देवराव सायकलवर जत्रेत पोचला तेव्हा सूर्य झाडांमागे गेला होता. सगळी माणसं आरतीला देवळात गेलेली. त्याला तेच हवं होतं, आपली फजिती कुणी पाहायला नको! मैदानावर धूर आणि धुकं गुडघ्याएवढं साचलं होतं आणि त्यातून आकाशपाळणा एकटाच वर निघालेला होता. रिकामे पाळणे वारा नसतानाही कुरकुरत होते.

पाळणेवाला होता पोचू, तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडचा. तो इंजिनला टेकून विडी ओढत बसला होता. "एकटेच का भाऊ? बसा, बसा! वरतं मस्त हवा हाय!"

समोर येरमटोल्याचीच म्हातारी सोनीबाई चिमणी लावून चारोळी विकायला बसली होती. "देवराव? बापू, तू? पाळण्यात?"

"हाव! काऊन, मी नाई बसू शकत?" देवराव ऐटीत म्हणाला आणि आत बसला.

पाळणा हलला. पहिली अर्धी फेरी देवरावने मर्दासारखी काढली. म्हणजे डोळे मिटून. वर पोचल्यावर त्याने एक डोळा उघडला. खाली जमीन नव्हतीच! धुकं होतं, आणि धुक्यात सोनीबाईची चिमणी इवलीशी होऊन लुकलुकत होती. देवराव बाकावरून खाली घसरला. पाळण्याच्या तळाशी गुडघे टेकून त्याने बाकाच्या पाठीला मिठी मारली आणि तोंड फळीत खुपसलं. मुखवट्याची त्याला आठवणही राहिली नाही.

आता खालून काय दिसत होतं, ते ऐका. सोनीबाईने आपल्या डोळ्यांनी देवरावला पाळण्यात बसताना पाहिलं होतं. एक फेरी झाली, तोच पाळणा खाली आला, आणि त्यात देवराव नव्हता! पाळण्याच्या कडेवरून एक पांढरा चेहरा बाहेर पाहत होता. पापणी हलत नव्हती. ओठ हसत होते. चेहरा तिच्यावर डोळे रोखून समोरून गेला आणि वर अंधारात चढला.

सोनीबाईच्या हातातलं माप गळून पडलं. तरी म्हातारी जिगरबाज. तिने हाक मारली, "देवराव!"

देवरावने वर ऐकलं. एक, त्याने मनात मोजलं.

"देवराऽऽव!"

दोन. देवरावने ओ अगदी ओठांवर आणून ठेवली. आता तिसरी आली की द्यायची!

तिसरी आलीच नाही. कारण खाली सोनीबाईही तोच हिशेब करत होती. जिवंत माणूस असता तर एव्हाना बोलला नसता? अन् तिसरी हाक मारली आणि ह्याने ओ दिली, तर हे आपल्यामागे घरी येईल! तिने तोंडात पदर कोंबला आणि पोचूला नुसतं बोट वर करून दाखवलं.

पोचूने वर पाहिलं. "अय्यो!" एवढंच तो म्हणाला. एका हाताने इंजिन बंद केलं, दुसऱ्याने ब्रेकचा दांडा ओढला आणि देवळाच्या दिशेने असा पळाला की त्याची एक चप्पल मैदानातच राहिली. सोनीबाई त्याच्या पुढे होती.

आणि देवराव? देवराव थेट माथ्यावर लटकला होता.

इंजिन बंद झालं आणि चहूकडे शांत झालं. देवळातली घंटा मध्येच थांबली. दूर एका दुकानाचा भोंगा तेवढा चालू राहिला होता. "या ताई, या भाऊ, बसा, बसा," तो रिकाम्या मैदानाला सांगत होता. देवरावने धीर करून फळीतून जरासं तोंड काढलं. धुकं विरलं होतं आणि खाली एकही माणूस नाही! सोनीबाईची चिमणी जळत होती आणि पलीकडे एक चप्पल पडली होती. एक कुत्रं मैदानाच्या मधोमध उभं होतं. ते मान वर करून पाहत होतं, पण देवरावकडे नव्हे, त्याच्या पाठीमागे. मग ते रडायला लागलं.

देवरावने तोंड पुन्हा फळीत खुपसलं. तेवढ्यात त्याला ऐकू आलं. त्याच्या कानामागे कुणीतरी श्वास घेत होतं. "फूऽऽ..." मध्येच थांबायचं, मग पुन्हा "फूऽऽ..." तो मान हलवी, तसं तेही हलायचं. तो थिजून बसला की तेही थिजायचं, आणि वाऱ्याची झुळूक आली की पुन्हा सुरू! मुखवट्याच्या तोंडाच्या भोकातून वारा वाहत होता, हे तुम्हा-आम्हाला कळतं. देवरावला कळलं ते एवढंच, की दोन हाका मारून जे गप्प झालं, ते आता वर येऊन आपल्या मागे बसलं आहे. त्याला उंचीची भीती वाटेनाशी झाली. तेवढी जागाच उरली नव्हती!

इकडे देवळामागे सगळी जत्रा एकमेकांना चिकटून उभी होती. माधवी नुकतीच बायांबरोबर येऊन पोचली, तर सोनीबाईने तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "तुह्या नवऱ्याले गिळलं वं बाई! त्याच्या जागी बसून हासून राह्यलं!"

माधवीने वर पाहिलं. काळ्या आभाळात तो पांढरा चेहरा खरंच हसत होता. बांधला तिनेच होता, लाल पट्टीही तिच्याच लुगड्याची होती, तरी ती दोन पावलं मागे सरकली. नवरा हलत का नाही? जिवंत तर आहे ना? ती एकटीच मैदानात शिरली.

"अवो!" तिने हाक मारली.

एक, वर देवरावने मोजलं.

"अवो! ऐकू येते का?"

दोन. तिसरी आलीच नाही, कारण माधवी हाक सोडून पाळण्याकडे धावत सुटली होती. आणि देवरावची खात्री पटली. आधी सोनीबाईचा आवाज काढला, आता माधवीचा! त्याला रडू कोसळलं. माधवीला आपण पुन्हा दिसणार नाही, तिच्या पाठीवर लक्ष ठेवणार कोण, या विचाराने त्याचा जीव कळवळला. आणि त्यातच त्याला एक युक्ती सुचली. भूत हाक मारेल, रडेल, हसेल, पण उखाणा घेणार नाही! उखाण्यात नवऱ्याचं नाव बायकोच घेते.

"तू माधवी असशीन," तो ओरडला, "तर माहं नाव घे!"

अकरा वर्षांत माधवीने त्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात. आता मागे अख्खी जत्रा कान देऊन उभी! तिने पदर नीट केला, चेहरा वर केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

"मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा,
देवरावांचं नाव घेतो, आता तरी खाली पडा!"

"ओऽऽऽ!" वरून अशी ओ आली की झाडावरचे बगळे उडाले.

पोचू काही परतायला तयार नव्हता. माधवीनेच ब्रेकचा दांडा सोडला. सगळ्या पाळण्यांत वजन एकट्या देवरावचं आणि तेही माथ्यावर! पाळणा सुसाट खाली आला.

"माधवीऽऽ..." देवराव समोरून गेला आणि पलीकडच्या बाजूने वर चढला. तिथून परत आला.

"...माह्या मागं..." पुन्हा वर.

"...कोनीतरी..." पुन्हा खाली.

"...बसून हाय!"

"मुखवटा व्हय तो!" माधवी दर खेपेला ओरडत होती, पण ऐकायला देवराव जागेवर कुठे होता! आठ-दहा झोके घेऊन पाळणा थांबला. देवराव रांगत बाहेर आला आणि माधवीच्या पायाशी बसला. तिने तीन गाठी सोडल्या आणि मुखवटा त्याच्या हातात ठेवला. त्याने त्याच्याकडे पाहिलं. मुखवटा अजून हसत होता. "मले माहीत होतं," देवराव म्हणाला.

सोमवारी मनोऱ्याखाली रंजीता मॅडम वही घेऊन उभ्या होत्या. देवराव आठ पायऱ्या चढला. नवव्या पायरीवर त्याने शिडीला मिठी मारली आणि डोळे मिटले. त्याला उतरवायला माधवी चढली, त्याचे पाय एकेक करून खालच्या पायरीवर ठेवून दिले, आणि आलेच आहे तर पाहून येते म्हणून तशीच वर गेली. साठ फुटांवरून तिचा आवाज आला, "मॅडम, इथून नाल्यातली वाघाची वाट पण दिसते हो!"

मॅडमनी वहीत नाव लिहिलं. माधवी देवराव.

देवरावने तक्रार केली नाही. वर कुणाचे तरी डोळे हवे होते, ते मिळाले. मोह फुलला तेव्हा पाठीमागे मुखवटा बांधून, टोपली घेऊन, बायांच्या घोळक्यात तोच वेचायला जाऊ लागला.

एका सकाळी शिट्टी झाली. बायांनी टोपल्या टाकल्या. दुसरी झाली, बाया मनोऱ्याकडे पळाल्या. देवराव वाकलेलाच, मोजत. तिसरी वाजली तेव्हा तो वळला.

वीस पावलांवर झुडपात दोन पिवळे डोळे होते. ते इतका वेळ मुखवट्याकडे पाहत होते. आता त्यांनी देवरावचा खरा चेहरा पाहिला. वाघाने त्यावरून काय ठरवलं कुणास ठाऊक, पण तो उठला, पाठ फिरवून सावकाश नाल्यात उतरला.

देवरावला पुढचं काही आठवत नाही. भान आलं तेव्हा तो मनोऱ्याच्या माथ्यावर, माधवीच्या शेजारी बसला होता. साठ फूट! एका दमात! माधवीने त्याच्या डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला आणि ती रडली, मग हसली. देवरावही हसला. "पाह्यलं? उंचीची भीती, मले?" तो म्हणाला आणि त्याने ऐटीत खाली पाहिलं.

दुपार झाली तरी तो मधल्या खांबाला मिठी मारून बसला होता, डोळे मिटून. "अवो, उतरा ना आता," माधवी विनवत होती. खालून सोनीबाई ओरडली, "नाव घे वं माधवी, नाव घे! त्याशिवाय नाई उतरत तो!"

एवढ्या घाईत माधवीला नवं काही सुचेना, म्हणून तिने जुनंच घेतलं. शेवटचं 'पडा' ऐकलं आणि देवरावने खांब आणखी घट्ट धरला.