फौजदारबाईंचा गायब फोटो

मोहनरावांच्या मते बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत संगणक ज्याला चळाचळा कापतो असा एकच माणूस होता, आणि तो रोज सकाळी त्यांना आरशात भेटे. त्यांच्या कार्डावर ‘संगणक-गुन्हे अन्वेषक’ असं छापलेलं होतं. कार्ड बारामतीत वृषालीच्या फ्लेक्सच्या दुकानात छापलं होतं, तेव्हा तिथला गुन्हा आपल्याच हद्दीत येतो हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

गुन्हा साधासुधा नव्हता. निरवांगीच्या अक्काबाईंची लेक स्वरूपा फौजदार झाली होती आणि पाच वाजता गावात तिचा सत्कार होता. फ्लेक्सवर चुलते, मामा, मान्यवर असे सव्वीस चेहरे ऐटीत बसले होते. मधला गोल तेवढा रिकामा. ‘फोटो निवडा’ हे बटण दाबलं तरी फोटोंची यादी काही उघडत नव्हती. पुन्हा दाबलं की नुसतं ‘टुंग’ वाजे.

“सत्कार तिचा, अन् तिचंच त्वांड न्हाय व्हय?” अक्काबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

“गप ऱ्हावा!” मोहनराव कुजबुजले. “टुंग ही खुणेची भाषा हाय. आतला माणूस बाहेरच्याला इशारा देतोय.”

बाहेर फक्त रसवंतीवाला होता. मोहनरावांनी त्याची झडती घेतली आणि दोन ग्लास रस पुरावा म्हणून पिऊन आले.

“काका, हा प्रोग्रॅम कालच टाकलाय,” वृषाली म्हणाली. “त्याला लागणारं सगळं एकात बांधूनच आलंय.”

“बांधून! तरीच गुदमारलाय. सोडा त्याला!”

तिनं प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. टुंग. मोहनरावांनी पंखा संगणकाकडे वळवला. टुंग.

अक्काबाई घामानं निथळत होत्या. संगणकाच्या, गिऱ्हाइकाकडे तोंड केलेल्या दुसऱ्या पडद्यावर टॉवेल होता. ‘माझाच फोटो बारका का’ म्हणून सकाळी त्यांच्या दोन दिरांची तिथंच जुंपली, तेव्हा वृषालीनं तो टाकला होता. तोच ओढून अक्काबाईंनी तोंड पुसलं.

“आगं वृषाली, हितं कवाधरनं इचारतंय की, कुठला फोटो घ्यायचा म्हनून! ही बघ माजी स्वरूपा!”

वृषाली धावत आली. यादी प्रत्येक वेळी निमूटपणे याच पडद्यावर उघडत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रॅम पुढं सरकायला तयार नव्हता.

“टॉवेलावर माझा पहिल्यापासनं डोळा होता,” मोहनराव म्हणाले आणि पुरावा ताब्यात घेऊन त्याला मिशीवरचा रस पुसला.

स्वरूपा गोलात बसली. अक्काबाईंचे डोळे भरून आले.

“मोठी कर,” त्या म्हणाल्या. “आजून. आजून जरा.”

स्वरूपा वाढत गेली, तसे सव्वीस मान्यवर खाली सरकत पोस्टाच्या तिकिटाएवढे झाले. इतक्यात दारात दिरांचा आवाज आला. अक्काबाईंनी मोहनरावांच्या हातातला टॉवेल हिसकला, पडद्यावर नीट पसरला आणि वृषालीला म्हणाल्या, “छाप आता.”