शून्य हरकती आणि कोकराची तंगडी

वाईट गोष्टी घडू नयेत, असे कोणताही सुसंस्कृत समाज म्हणत नाही. त्या परवान्याशिवाय घडू नयेत, एवढेच म्हणतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्कार्थवेल गावात हे म्हणण्याचे काम नगर परिषदेने सिरिल हेपलव्हाइट यांच्यावर सोपवले होते. ते परवाना खात्याचे मुख्य अधिकारी. (खात्यात दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे मुख्य कोण यावर वाद झाला नाही.)

दर तीन वर्षांनी सिरिल जुगाराच्या जागांचे धोरण नव्याने लिहीत. पाने चौऱ्याऐंशी, उद्दिष्टे तीन: जुगारापासून गुन्हेगारी दूर ठेवणे, जुगार सचोटीने चालवणे, आणि लहान मुलांना व भोळ्याभाबड्यांना जपणे. जुगार वाईट आहे, ही हरकत मात्र विचारात घेता येत नसे. म्हणजे जुगाराच्या दुकानाविरुद्ध वाटेल ते म्हणता येई, फक्त ते जुगाराचे आहे एवढे सोडून. असा समतोल साधायला मोठी बुद्धी लागते.

मसुद्यावर बारा आठवडे हरकती व सूचना मागवल्या जात. तो वाचनालयात ठेवलेला असे (मंगळवारी दहा ते बारा, पावणेबाराला दिवे बंद). गेल्या पाच खेपांना आलेल्या हरकती अशा: शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. चौथ्या खेपेस एक कागद आला होता, पण तो शेजारच्या कुत्र्याबद्दल निघाला.

सिरिल वसंतात निवृत्त होणार होते. आपले लिहिलेले एकदा तरी कुणी वाचावे, ही त्यांची इच्छा होतीच. पण यंदा गरजही होती. शाळेसमोरची जुनी बेकरी बंद पडली होती आणि नाणी गिळणाऱ्या जुगारी यंत्रांचे दालन काढायला एक कंपनी तिथे टपून बसली होती. ‘शाळेसमोर नको’ असे कलम सिरिलनी मसुद्यात घातले होते. नियमाप्रमाणे त्याला एका रहिवाशाचा तरी लेखी पाठिंबा हवा (दफ्तरी त्याचीही नोंद ‘हरकत’ म्हणूनच होई). नाही आला, तर कलम गाळायचे.

गाव तर संतापले होतेच. सर्वांत जास्त संतापल्या होत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एडना मॉसक्रॉपबाई.

“अरे सिरिल, झोपलायस की काय? पोरं शाळेतून सुटतील ती थेट त्या यंत्रांच्या पुढ्यात!”

“एडनाबाई, दोन ओळी लिहून द्या, काम होईल.”

“लिहून कशाला? तोंडावर सांगतेय ना तुझ्या!”

“अर्जात तोंडाचा रकाना नाही हो.”

हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळाचा गावात बोल्स क्लब होता; तिथे एडनाबाई दर रविवारी मांसाची सोडत काढत. तिकीट घ्यायचे, नंबर लागला तर रविवारच्या जेवणाचे मांस घरी न्यायचे. मतदानाला गावातले एकोणतीस टक्के लोक जात, सोडतीला सगळे. (दोन मयत सभासदांची तिकिटेसुद्धा घरचे अजून काढत.) हे पाहून सिरिलच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी क्लबात फलक लावला: ‘यंदा धोरणावर किती हरकती येतील? अचूक आकडा सांगा, कोकराची अख्खी तंगडी मिळवा.’

लोकसहभागाचा एवढा मोठा प्रयोग त्या किनाऱ्यावर झाला नव्हता. एक हजार एकशे त्रेचाळीस लोकांनी तिकिटे घेतली. सिरिल पारदर्शक माणूस. त्यांनी मागच्या पाच खेपांचे आकडेही फलकावर लावले. ते पाहून एक हजार एकशे बेचाळीस लोकांनी शून्यावर लावले.

आता शून्यावर लावून हरकत पाठवणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. बसथांब्यावर लोक एकमेकांवर नजर ठेवू लागले. “तू काही लिहिणार नाहीस ना रे?” पाद्रीबाबांनी त्या यंत्रांविरुद्ध पाऊण तास प्रवचन दिले. मग तेवढे कागदावर द्या, असे सिरिलनी विनवले, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, “माझंही शून्यच आहे हो.”

शेवटच्या शुक्रवारी, पाचला मुदत संपायला पंधरा मिनिटे उरली असताना, एडनाबाई परवाना खात्याच्या खिडकीशी आल्या. हातात जांभळ्या शाईतली दोन पाने. सिरिल वाचू लागले. ‘बेकरी होती तेव्हा पोरं चार वाजता इथे गरम पाव घ्यायची आणि वाटेतच खायची. माझा मुलगाही. पाव खाऊन कुणी कंगाल झाल्याचं मी ऐकलं नाही...’ सिरिलना वाक्ये दिसेनाशी झाली. त्यांनी चष्मा पुसला आणि पंधरा वर्षे कोरडा पडलेला ‘हरकत प्राप्त’चा शिक्का उचलला.

“थांबा!” मागून आवाज आला. अर्धा क्लब दारात उभा होता, आणि पुढे होते खजिनदार वॉल्टर ग्रिबन. “हिचं तिकीट एकावर आहे! पैज हिचीच आणि निकालही हीच लावणार?”

सिरिलनी मान वर केली. “एकावर का लावलंत हो, एडनाबाई?”

“मग कशावर लावू? मी लिहिणार हे मला ठाऊक होतं ना!”

सिरिलनी स्वतः लिहिलेले पान सहा उघडले. उद्दिष्ट दुसरे: सचोटी. निकालात ज्याचे हित गुंतले आहे, त्याला निकालावर परिणाम करता येणार नाही. त्यांनी शिक्का खाली ठेवला. कधी नव्हे इतके वाईट वाटले त्यांना.

“आणि तंगडीपायी ज्यांनी लिहिलंच नाही, त्यांचं हित गुंतलेलं नाही होय?” एडनाबाई कडाडल्या.

“न लिहिण्याबाबत,” सिरिल हळू आवाजात म्हणाले, “धोरणात तरतूद नाही.”

एकूण हरकती: शून्य. कलम गाळले गेले. मे महिन्यात दालन उघडले. सगळे अगदी नियमानुसार आहे. मुलांना आत प्रवेश नाही. ती शाळा सुटल्यावर बाहेर पायरीवर बसून आजी-आजोबांची वाट बघतात. तंगडी एक हजार एकशे बेचाळीस विजेत्यांत वाटण्यात आली आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिचा वास समप्रमाणात आला. ती दोन जांभळी पाने अवैध असल्यामुळे नगर परिषदेच्या मालकीची नव्हती. निवृत्तीच्या दिवशी सिरिल एवढेच घरी घेऊन गेले.

असो. तिकडची माणसेच तशी. मात्र एडनाबाई खिडकीशी आल्या तेव्हा, वाचकहो, तुम्ही मनात कोणता आकडा धरला होता? लाजू नका. आजच्या पेपरात सातव्या पानावर, तळाशी, बारीक टायपात तुमच्याही नगरपालिकेने हरकती व सूचना मागवल्या आहेत. त्या पानावर आत्ता तुमची चहाची बशी आहे. उचलून बघा, मुदत कधी संपली ते.