सोनूकाकांचं पाडस

शिकाऱ्याबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला ठाऊक आहे. पिळदार मिशी, गुडघ्यापर्यंत बूट, एक पाय मेलेल्या वाघावर. पुसून टाका. आमचे सोनूकाका गावडे माझ्या खांद्याला लागतात, मिशी ठेवत नाहीत कारण चहात बुडते, आणि पायात बाराही महिने रबरी सपाता. कुवेतला राई नावाच्या भागात तंबू शिवायचं दुकान आहे, तिथे तीस वर्षं मशिनवर बसलेत. आयुष्यात एकदाच बंदुकीचा बार काढला, तोही सतरा वर्षांचे असताना.

मग शिकारी कसले? सांगतो. घाई कसली?

हिवाळा आला की आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. थंडी पडली की इथला माणूस एसी लावलेलं घर सोडतो आणि वाळवंटात तंबू ठोकून बसतो. त्यातले हौशी लोक शिकारीला परदेशी जातात. त्यांना बंदुकीला खोळ लागते. जाड कॅनव्हास, आतून मऊ अस्तर. तशी खोळ काकांसारखी अख्ख्या राईत कोणी शिवत नाही.

पण माप घेण्याआधी काका एक प्रश्न विचारतात. गिऱ्हाईक कुवेती असो, लेबनानी असो, चष्म्यावरून बघत थेट मालवणीतच विचारणार, "पाडस मारलंस कधी?"

भाषांतर करायला काउंटरवर मी. माझं अरबी दुकानापुरतं, बाकी हातवारे. 'गझाल सगीर', म्हणजे छोटं हरीण, म्हणायचं, डोक्यावर दोन बोटांचे कान करायचे आणि बें करायचं. गिऱ्हाईक हसतं आणि खरं काय ते सांगून टाकतं.

'नाही' म्हणाला, तर खोळ अशी बसते की बंदूक त्यातच जन्मली असं वाटावं. 'हो' म्हणाला, तर खोळ बोटभर आखूड. चेन लागत नाही, दस्ता बाहेर डोकावतो. माणूस चिडून परत येतो. काका "मू जैन, मू जैन," म्हणजे बरं नाही झालं, असं म्हणत स्वतःच हळहळतात, खोळ ठेवून घेतात आणि चार दिवस त्याला खेपा घालायला लावतात.

"काका, चूक माणसाची. शिक्षा बंदुकीला कशाला?" मी एकदा विचारलं.

"तिका जरा थंडी वाजूक होयी," काका म्हणाले.

हे फक्त मला माहीत होतं. आमचे मालक अबू नासिर यांना वाटायचं, म्हाताऱ्याची नजर चालली. त्यांनी दोनदा चष्मा बदलून दिला.

आता माझ्याबद्दल थोडं. मी कणकवलीचा. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून वर्गाबाहेर उभा राहिलो, आणि स्नेहसंमेलनाला तीच नक्कल करायला त्यांनीच मला स्टेजवर चढवलं. तेव्हापासून बिघडलोय. माणूस भेटला की मी आधी त्याची मान कशी हलते ते बघतो, बोलतो काय ते नंतर. मिरकाब भागातल्या जुन्या बिल्डिंगीत काका धरून आम्ही चौघं मराठी एका फ्लॅटमध्ये राहतो. शुक्रवारी दुपारी मटण शिजतं आणि मी आठवड्याची गिऱ्हाइकं करून दाखवतो. सगळ्यात जास्त फर्माईश सोनूकाकांची. काका समोर बसलेले असतानाच.

ते मटणाच्या बाबतीतही तसेच. वाटी पुढे आली की विचारणार, "कोवळा काय?"

"एकदम लोणी, काका!" असं आमच्यातला नाशिकचा देशमुख म्हणाला की काका फोडी बाजूला करून नुसता रस्सा ओरपणार. देशमुख बँकेत आहे, वाद घालायची त्याला हौस. "काका, मारलं ते मारलं. त्यात लहान काय नि मोठं काय? पाप सारखंच."

"तो इषय वेगळो," काका म्हणणार.

हे त्यांचं पेटंट वाक्य. वाद अंगावर यायला लागला की तो इषय वेगळो. व्हिसाचं काय झालं? तो इषय वेगळो. गावी कायमचे कधी जाणार? तो इषय वेगळो.

आणि मग जेवण झाल्यावर, कोणी विचारो न विचारो, गोष्ट. ती आम्हा सगळ्यांना पाठ होती. गाव सावंतवाडीच्या वर, घाटाला चिकटलेलं. पारध म्हणजे गावाने मिळून केलेली शिकार. बंदी तेव्हाही होती, पण काकांच्या मते ती एस्टीने यायची आणि शेवटची एस्टी त्यांच्या गावाला जात नव्हती. हाकारे उठले, रान हललं, आणि सतरा वर्षांच्या सोनूच्या हातातल्या ठासणीच्या बंदुकीपुढे भेकर आलं. बुटकं हरीण, कुत्र्यासारखं भुंकणारं. बार निघाला, भेकर पडलं. मादी होती. धूर निवला तर करवंदीच्या जाळीमागे तिचं पाडस उभं.

"माझ्या मामान बंदूक उचलल्यान," काका सांगायचे, आणि इथे ते उठून उभे राहायचे. "मी खालसून हात मारलंय. बार आभाळात! मामान अशी थोबाडीत दिल्यान, हयसून थयसर आवाज! पण पाडस गेला. पळाला ता पळाला. तेच्यानंतर बंदुकीक हात लावूक नाय."

मग खाली बसायचे, आणि दर वेळी तेच शेवटचं वाक्य. "एक जीव तरी वाचवलंय."

हे वाक्य ते कौतुक मिळवायला म्हणत नसत. दिवसभराचं काम संपवून आपण मशिनवर कापड झाकतो ना, तसं म्हणायचे. मी त्याचीही नक्कल करायचो. सूर बरोबर लागायचा.

दुकानात या विषयावर हिवाळाभर परिषद चाले. अबू नासिर जपमाळ फिरवत म्हणायचे, "ऐब! लहानाला मारणारा स्वतः लहान." ऐब म्हणजे लाज वाटण्यासारखी गोष्ट, आणि तो शब्द ते असा म्हणत की काउंटरवरच्या कात्रीलाही लाज वाटावी. त्यांचा पुतण्या फहद गाडीची किल्ली बोटावर गरगरवत म्हणायचा, "आज मी सोडलं तर उद्या दुसरा मारणार. मग मी काय वाईट आहे?" फहदच्या तीन खोळी झाल्या होत्या. तिन्ही आखूड.

काका मान खाली घालून टाके घालायचे. त्यांच्यापुरता निकाल केव्हाच लागलेला होता.

मग आले फ्रान्झसाहेब. ऑस्ट्रियाचे, इथे तेलविहिरींच्या पंपांवर इंजिनियर. ताठ मान, मोजून शब्द. बंदूक तिकडे घरी कुलपात, इथे फक्त कागदावर माप आणलेलं, मिलिमीटरमध्ये. काका माप बघून खूश झाले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाडस मारलंस कधी?"

मी इंग्रजीत विचारलं. बें केलंच.

"हो," साहेब म्हणाले. "दर वर्षी." चहा घेता का विचारल्यावर सांगावं तसं.

काकांची पेन्सिल थांबली. "कित्याक?"

साहेबांनी नीट समजावून सांगितलं. त्यांच्याकडे हरणं फार झालीत. नवीन झाडं खाऊन टाकतात, बर्फात उपाशी मरतात. म्हणून किती मारायची ते ठरवून मिळतं. आणि एक नियम कोणीही मोडत नाही. आई आणि पिल्लू सोबत दिसलं तर आधी पिल्लू, मग आई. उलट कधीच नाही. आईला मारून पिल्लू सोडणारा त्यांच्याकडे शिकारी समजलाच जात नाही.

मी हे काकांना सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, करून दाखवलं. मान ताठ केली, साहेबांचा आवाज लावला, आणि मागे फहद हसतोय म्हटल्यावर मला चेव चढला. सोडून दिलेलं पिल्लू कसं करतं तेही करून दाखवलं. पहिल्या दिवशी मोठ्याने बें. दुसऱ्या दिवशी बारीक बें. तिसऱ्या दिवशी गुडघे वाकले. चौथ्या दिवशी मी काउंटरवर आडवा झालो आणि जीभ बाहेर काढली. फहदच्या हातातली किल्ली पडली. अबू नासिरसुद्धा जपमाळ तोंडावर धरून हसले.

"साहेबाक इचार," काका म्हणाले. "दूध पिणारा पाडस सोडला, तर वाचता काय?"

मी विचारलं. साहेबांनी काकांकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "नाही."

मी काकांकडे वळून "नाही" म्हटलं. साहेबांच्याच आवाजात. एका शब्दाची नक्कल करायची काही गरज होती का? पण सवय.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मशिनला दोरा ओवायला घेतला. दोरा ओवलेलाच होता. त्यांनी तो काढला आणि परत ओवला.

दोन दिवसांनी खोळ तयार झाली. साहेब यायच्या आधी मी गुपचूप टेप लावला. पुरी होती. मिलिमीटरचाही फरक नाही. दर वर्षी पाडस मारणाऱ्या माणसाला काकांनी पहिल्यांदाच पुरी खोळ दिली होती. काकांनी साहेबांचं म्हणणं मान्य केलं होतं. म्हणजे मग ती थोबाडीत, तो आभाळात गेलेला बार, तो वाचवलेला जीव, त्या सगळ्याचं काय झालं?

शुक्रवारी जेवणं झाली. काका उठले नाहीत, गोष्ट सांगितली नाही. देशमुखनेच आठवण केली, "काका, आज भेकर नाही आलं?"

"आज नको," काका म्हणाले आणि फोन घेऊन जिन्यात गेले.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने दारापाशी उभा राहिलो. गावाला फोन होता, दादू म्हणून त्यांचा चुलतभाऊ. त्या पारधीतला तो एकच आता हयात आहे. काका जोरजोरात विचारत होते, "दादू, त्या पाडसाक मगे कोणी बघितलेला? कातकरी नायतर गुराखी कोणी बोललेलो काय? अरे, भेकराचा पाडस! मामान माका मारल्यान तेव्हाचा!" मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "बरा. गोळ्यो घे वेळेर." आणि फोन ठेवला.

दादूला भेकरच आठवत नव्हतं. पाडस लांबची गोष्ट. ती थोबाडीतसुद्धा जगात आता फक्त काकांना आठवत होती.

मला काही ते बघवेना. शनिवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी त्यांच्या मशिनजवळ स्टूल ओढलं. "काका, फ्रान्झसाहेबांचा फोन आलेला. म्हणाले, मी तिकडच्या हरणांचं सांगितलं. तुमच्याकडच्या भेकरांचं वेगळं. आई मेली तर कळपातली दुसरी मादी पाजते. मावशीच म्हणा ना. तुमचं पाडस नक्की जगलं असणार."

काकांनी मशिन थांबवलं. चष्मा काढला. तीस वर्षांत कुणावर आवाज चढवला नसेल त्या माणसाने. पलीकडच्या टायरवाल्याने डोकं बाहेर काढून बघितलं, एवढ्या मोठ्याने बोलले.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! भेकराचो कळप? भेकर कधी कळपान ऱ्हवता? एकटा ऱ्हवता ता, एकटा! रानात कधी गेलंस नाय आणि माका मावशी सांगतंस? माका बरा वाटूचा म्हणान? मी काय ल्हान पोर आसंय? चाळीस वर्सां मी बरा वाटून घेतलंय, ता पुरे झाला. माझ्या हातसून झाला ता माझा आसा. तू ता हलका करूक नको. आणि मेल्या, तो साहेब अर्धो तास हय उभो होतो. जीभ भायर काढलंस, आडवो पडलंस, सगळ्यांका हसयलंस. कामाचा एक तरी इचारलंस? त्या पाडसाच्या पाठीवरचे ठिपके गेलेले. कुशीत थोडे होते, बारीक, पुसाट. मी बघितलंय, ह्या डोळ्यांनी बघितलंय. ठिपके जावक लागले की पाडस पालो खावक लागता काय नाय, ह्या इचारूक होया होता! तुका सुचला नाय, माका तेव्हा तोंडातसून शब्द फुटलो नाय. आता बघतंस काय माझ्या तोंडाकडे? फोन काढ. लाव तेका. आणि बें करू नको. नीट इचार."